विद्यापीठ बदलावे, पण केव्हा?

गेल्या वर्षी भाऊबिजेला धाकट्या बहिणीकडे गेलो होतो. ओवाळणी झाली, ताटात पाकीट पडले, फराळाच्या बशा पुढे आल्या. चकल्या यंदा खुसखुशीत झाल्यात की नाही यावर घरातल्या बायकांचा वाद रंगात आला होता. इतक्यात भाची चहाचा कप घेऊन माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "मामा, मला जरा बोलायचं होतं."

भाची त्या वर्षी नुकतीच कॉलेजात गेली होती, तीही दुसऱ्या गावी, दुसऱ्या विद्यापीठात. कॉलेज नावाजलेले. प्रवेश मिळाला तेव्हा बहिणीने आळीभर पेढे वाटले होते. पहिल्या टर्मची परीक्षा देऊन मुलगी सुट्टीवर घरी आली होती ती थोडी वाळलेली आणि अबोल झालेली.

"अगं, आज सणाच्या दिवशी कसलं बोलणं काढतेस? मामांना आधी फराळ तर करू दे," मेहुणे म्हणाले.

या साध्या वाक्याने माझ्या हातातला कप थबकला. बरोबर हेच वाक्य मी एकदा उच्चारले होते, आणि त्याची किंमत माझ्या मुलाने तीन वर्षे मोजली होती. मी बशी बाजूला ठेवली. म्हटले, "फराळ कुठं पळून जातोय? चल, आपण गच्चीवर जाऊ."

एक न बोललेली गोष्ट

वाचकहो, आधी स्वतःची ओळख करून देतो. एका विद्यापीठाच्या पात्रता विभागात मी तीस वर्षे नोकरी केली. एका विद्यापीठातून दुसऱ्यात येणाऱ्या मुलांचे कागद तपासणे, हेच माझे काम. स्थलांतर प्रमाणपत्र आहे का, गुणपत्रके पुरी आहेत का, तिकडचा अभ्यासक्रम इकडच्याशी जुळतो का, हे पाहायचे आणि शेरा मारायचा. शेकडो मुले माझ्या टेबलासमोर उभी राहिली. कुणाचे वेळेत झाले, कुणाचे आठ दिवसांनी हुकले. दुसऱ्यांच्या मुलांना "हे तुम्ही सहा महिने आधी का नाही विचारलंत?" असे मी किती वेळा म्हणालो असेन, त्याची गणती नाही.

आणि माझ्याच घरात काय घडले? १९९८ साली थोरला मुलगा परगावी इंजिनियरिंगला गेला. त्या काळी ती जागा मिळणे म्हणजे घराचे भाग्य! पहिल्या दिवाळीला तो घरी आला आणि पहिल्याच संध्याकाळी म्हणाला, "बाबा, मला जरा बोलायचं होतं." मी घाईत होतो. घरात पाहुणे होते. मी म्हटले, "आधी फराळ कर, मग बघू." ते 'मग' कधी आलेच नाही. तो पुन्हा बोलला नाही, मीही विचारले नाही. मनातून मला कळले नव्हते असे नाही. परंतु लोक ज्या जागेसाठी तळमळतात ती जागा सोडायची, हा विचारच नको वाटत होता.

पुढे एक विषय राहिला, मग तीन राहिले. टर्म राखून राखून तो कसाबसा तिसऱ्या वर्षापर्यंत पोचला आणि तेथे अडकला तो अडकलाच. २००१ साली त्याने बी.ए.च्या पहिल्या वर्षाला नव्याने नाव घातले. इंजिनियरिंगच्या तीन वर्षांतले एक अक्षरही तिकडे धरले गेले नाही. तसा शेरा लिहिणारा गृहस्थ माझ्याच शेजारच्या टेबलावर बसत असे! आज मुलगा इतिहास शिकवतो, विद्यार्थ्यांचा आवडता आहे, त्याचे उत्तम चालले आहे. त्याने मला एका शब्दाने दोष दिलेला नाही. परंतु पहिल्याच दिवाळीत मी दहा मिनिटे ऐकून घेतले असते तर ती तीन वर्षे वाचली असती, हे आम्हां दोघांनाही ठाऊक आहे.

म्हणून हा लेख. दिवाळीची सुट्टी ही केवळ करंज्या-अनारशांची सुट्टी नसते. पहिल्या वर्षाची हजारो मुले याच दिवसांत घरी येतात, आणि त्यांतल्या काहींच्या मनात हे वाक्य घोळत असते.

दुःख कोणते ते आधी ओळखा

गच्चीवर भाचीने मन मोकळे केले. मेसचे जेवण घशाखाली उतरत नाही. खोलीतल्या दोघी जणी रात्री दोनपर्यंत दिवा जाळतात. वर्गातली मुले फाडफाड इंग्रजी बोलतात, आपल्याला तोंड उघडायची चोरी. घरची आठवण येते. प्राध्यापक भराभर शिकवून निघून जातात. आणि हो, तिला भूशास्त्र शिकायचे आहे, पण त्या कॉलेजात तो विषय मुख्य म्हणून घेण्याची सोयच नाही. हे तिला प्रवेशानंतर कळले.

मी खिशातून कागद काढला आणि तिलाच ही यादी लिहायला लावली. सहा कारणे झाली. मग म्हटले, "आता याच्यावर आजची तारीख घाल. हा कागद फेब्रुवारीत पुन्हा काढायचा आणि त्या वेळी जी कारणं उरली नसतील त्यांच्यावर काट मारायची. जी उरतील, ती खरी."

यात युक्ती काहीच नाही, फक्त अनुभव आहे. माझ्या टेबलासमोर येणाऱ्या मुलांची दुःखे साधारण चार जातींची असत. पहिले परकेपणाचे : घर, जेवण, भाषा, सोबत. दुसरे मापाचे : अभ्यास झेपत नाही, किंवा उलट, फारच सोपा वाटतो. तिसरे विषयाचे : जे शिकायचे आहे ते येथे नाही, किंवा जे शिकतो आहोत त्यात जीव नाही. आणि चौथे परिस्थितीचे : वडिलांची बदली, आईचे आजारपण, पैशाची ओढाताण.

पहिल्या जातीचे दुःख बहुधा दुसऱ्या टर्ममध्ये निवळते. ते गाव बदलून जात नाही. नव्या गावी ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. दुसऱ्यासाठी एक निकाल हाती यावा लागतो. परीक्षेपूर्वी आपल्याला काय झेपते, हे ना मुलाला कळते ना बापाला. तिसरे दुःख मात्र वाट पाहून कमी होत नाही. ते वाढत जाते. माझ्या मुलाचे दुःख या तिसऱ्या जातीचे होते आणि मी ते पहिल्या जातीचे समजून बसलो. चौथ्याला तर वेळ निवडण्याची मुभाच नसते. तेथे कागदपत्रांची घाई करावी हेच खरे.

या चारांशिवाय एक पाचवे दुःख आहे, आणि ते मुलांचे नसून पालकांचे आहे. 'अमक्याचा मुलगा तमक्या कॉलेजात गेला, आपला मात्र याच कॉलेजात' हे ते दुःख. त्यापायी मुलाला हलवू नये. पदवीच्या कागदावरचे नाव दहा वर्षांनी कुणी फारसे विचारत नाही. त्या वर्षांत हाताला काय आले, हे मात्र जन्मभर विचारले जाते.

दोन घड्याळे

बदल करायचा असे ठरले तरी वाटा दोन आहेत आणि त्यांची घड्याळे निराळी आहेत, ही गोष्ट पुष्कळ घरांत ध्यानात येत नाही.

पहिली वाट पुन्हा पहिल्यापासून प्रारंभ करण्याची. शाखाच बदलायची असेल किंवा हव्या त्या संस्थेत प्रवेशपरीक्षेवाचून जाताच येत नसेल, तर हीच वाट. आय.आय.टी.सारख्या संस्थांच्या बी.टेक.ला बाहेरचा विद्यार्थी दुसऱ्या वर्षात येऊन बसू शकत नाही; त्याला परीक्षा देऊन पहिल्याच वर्षाला यावे लागते. आणि या वाटेचे घड्याळ दिवाळीतच वाजू लागते. जे.ई.ई. मेनच्या जानेवारीतल्या परीक्षेचे अर्ज साधारण दिवाळीच्या सुमारास भरावे लागतात. पुढच्या जे.ई.ई. ॲडव्हान्स्डला लागोपाठच्या दोन वर्षांत दोनच संधी असतात. म्हणजे बारावीच्या वर्षी पहिली संधी घेतलेल्या मुलाने 'बघू, मार्चमध्ये ठरवू' असे म्हटले की ती वाट बंदच झाली.

दुसरी वाट आपल्या पदरी असलेले वर्ष घेऊन पुढच्या वर्षात जाण्याची. तिचे घड्याळ निकालावर चालते. पहिल्या वर्षाच्या दोन्ही टर्मची गुणपत्रके हातात आल्याखेरीज नवे विद्यापीठ दारात उभे करीत नाही. आणि निकालानंतर हाती उरतात ते थोडेच आठवडे. ज्याने चौकशी हिवाळ्यातच करून ठेवली त्यालाच ते पुरतात.

म्हणून दिवाळीत सोडायचे की नाही हे ठरवू नये. कोणत्या वाटेची चौकशी करायची एवढेच ठरवावे. दिवाळीत रागाच्या भरात कॉलेज सोडणारी मुले मी पाहिली आहेत. त्यांचे अर्धे वर्ष फुकट जाते, कारण अपुऱ्या वर्षाला बाजारात मोल नसते.

पेढीतले श्रेयांक

माझ्या उमेदीच्या काळापेक्षा आज एक गोष्ट पुष्कळ सोपी झाली आहे. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये श्रेयांकांची पेढी, म्हणजे 'अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स', सुरू केली. विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक त्याच्या नावे तेथे जमा होतात आणि त्याने संस्था बदलली तरी ते त्याचेच राहतात. बँकेत खाते असावे तसेच हे खाते. हे श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षे चालतात. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चौथ्या वर्षी ऑनर्स अशा पायऱ्याही आता केल्या आहेत.

हे ऐकून कुणाला वाटेल की आता केव्हाही उठावे आणि कोठेही जावे! तसे नाही. पेढीत पैसे आहेत म्हणून कोणताही दुकानदार आपल्याला माल देण्यास बांधलेला नसतो. नव्या कॉलेजात जागा रिकामी हवी, अभ्यासक्रम जुळायला हवा आणि विद्यापीठाची मान्यता हवी.

शिवाय एक साधा हिशेब आहे. तो कागदावर मांडून पाहावा. तीन वर्षांची पदवी साधारण १२० ते १३२ श्रेयांकांची असते, म्हणजे दर वर्षाला ४० ते ४४. पेढीच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे जी संस्था पदवी देणार तिच्याकडे निदान निम्मे श्रेयांक मिळवलेले असावे लागतात. आता पाहा. पहिल्या वर्षानंतर गेलात तर नव्या ठिकाणी ८० ते ८८ श्रेयांक मिळतील, म्हणजे निम्म्याहून पुष्कळ अधिक. दुसऱ्या वर्षानंतर गेलात तर उरतात ४० ते ४४. ते निम्मे भरत नाहीत. मग नव्या ठिकाणी काही अभ्यास पुन्हा करणे आले, म्हणजे वर्ष वाढले. चार वर्षांची ऑनर्स पदवी करायची असेल तर मात्र हिशेब पालटतो. तिचे श्रेयांक १६० ते १७६. दोन वर्षे येथे आणि दोन तेथे अशी निम्मी वाटणी तिच्यात बसू शकते.

यावरून माझे मत असे बनले आहे की, तीन वर्षांच्या पदवीसाठी बदल करायचा तर पहिले वर्ष पुरे करून, दुसऱ्याच्या आरंभी करावा. दुसरे वर्ष संपले की शक्यतो हलू नये. एकच वर्ष उरलेले असते. ते दात-ओठ खाऊन पुरे करावे, पदवी पदरात पाडून घ्यावी आणि एम.ए., एम.एस्सी.ला हव्या त्या विद्यापीठात दिमाखाने जावे. पदवी घेऊन निघणाऱ्याला कुणी 'का सोडले?' असे विचारीत नाही.

नियम दर साल थोडे बदलत असतात. वैद्यक, कायदा यांसारख्या अभ्यासक्रमांवर त्यांच्या स्वतंत्र परिषदांचेही नियम असतात. म्हणून त्या वर्षाचे परिपत्रक स्वतः वाचावे. 'माझ्या मित्राचं झालं होतं' हा पुरावा धरू नये.

कागदाची वाट

आता माझ्या टेबलावरच्या चार गोष्टी सांगतो.

पहिली : जुन्या कॉलेजातून टी.सी. काढण्याची घाई करू नका. टी.सी. घेतली की तुमचे तेथले नाव कमी होते. नव्या कॉलेजाने लेखी होकार दिल्यावरच ती काढावी. चालताना आपण एक पाय टेकल्यावर दुसरा उचलतो, तसेच हे. एका मुलाने आधी टी.सी. काढली, नव्या ठिकाणची जागा भरून गेली आणि जुन्या कॉलेजाने परत घेताना चार महिने हेलपाटे घालायला लावले. त्या मुलाचे वडील माझ्या खोलीत येऊन रडले होते.

दुसरी : अभ्यासक्रमाची प्रत, प्रत्येक विषयाची, कॉलेजाच्या शिक्क्यानिशी घेऊन ठेवा. गुणपत्रकावर नुसते विषयाचे नाव असते. 'गणित' या एका शब्दाखाली दोन विद्यापीठांत दोन निराळ्या गोष्टी शिकवलेल्या असतात. समकक्षता ठरवणारा माणूस नाव पाहत नाही, आतला मजकूर पाहतो.

तिसरी : ए.टी.के.टी. अंगावर घेऊन निघू नका. एखादा विषय राहिलेला असला की पुष्कळ ठिकाणी अर्जच बाजूला पडतो. राहिलेला विषय आधी सोडवावा. त्यासाठी एक टर्म थांबावे लागले तरी चालेल.

चौथी पैशाची. वसतिगृहाची अनामत, नव्या प्रवेशाची फी, पात्रता शुल्क, राहण्याचा खर्च, हे सारे एका कागदावर लिहावे. शिष्यवृत्ती किंवा फीची सवलत चालू असेल तर विद्यापीठ बदलल्यावर ती राहते की जाते, हे आधी आणि लेखी विचारावे. मधल्या वर्षाला घेतलेल्या जागेला ती सवलत लागू होईलच असे नाही. पुष्कळ घरांत ही गोष्ट ऑगस्टमध्ये ध्यानात येते आणि मग बापाला कर्ज काढावे लागते.

आणि प्रवेश तात्पुरता मिळाला म्हणून पेढे वाटू नका. पात्रता प्रमाणपत्र हाती येईपर्यंत तो तात्पुरताच असतो. एखाद-दुसरा जादा पेपर द्यावा लागेल असा शेरा येऊ शकतो. तो आला तर खट्टू होऊ नये. वर्ष वाचले, पेपर वाढला, हा सौदा वाईट नाही.

मोठ्यांनीही कॉलेजे बदलली

"लोक काय म्हणतील?" हा प्रश्न त्या दिवशी बहिणीने विचारलाच. मी तिला नामदार गोखल्यांची आठवण करून दिली. गोपाळ कृष्ण गोखले कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकले, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले आणि १८८४ साली पदवीधर झाले ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून. तीन गावे, तीन कॉलेजे! त्यांची एक सोय मात्र होती. तिन्ही कॉलेजे १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाचीच होती. पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये आले, मराठवाडा १९५८ मध्ये आणि कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये. त्याआधी कोल्हापूर, पुणे, मुंबई हा प्रवास एकाच छत्राखाली होई. आज त्याच प्रवासाला तीन विद्यापीठांचे उंबरे ओलांडावे लागतात. माझ्यासारख्या कारकुनांची पोटे त्यावर भरली, हे कबूल केले पाहिजे.

जयप्रकाश नारायणांची हकिकत तर आणखी बोलकी आहे. ते १९२२ साली अमेरिकेला गेले. बर्कलेच्या विद्यापीठात शिकत असता तेथली फी दुप्पट झाली आणि ती परवडेना म्हणून ते आयोवाला गेले. पुढे विस्कॉन्सिन, मग ओहायो. फळांच्या बागांत राबून आणि खानावळीत बशा विसळून त्यांनी शिक्षण केले. आरंभ विज्ञानाने झाला आणि शेवट समाजशास्त्राने. १९२९ साली ते परतले ते एम.ए. होऊन. पैशाने त्यांना एका गावातून हलवले, परंतु मधल्या वाटेत त्यांना आपला विषय सापडला.

डॉ. आंबेडकरांची गोष्ट पदवीनंतरच्या शिक्षणाची आहे, पण तिच्यात घेण्यासारखे फार आहे. कोलंबिया विद्यापीठातून ते १९१६ साली लंडनला गेले आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. परंतु परतताना त्यांनी चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी घेऊन ठेवली होती. त्या परवानगीच्या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. अर्धवट सोडावे लागले तरी परतीचे दार उघडे ठेवून सोडावे, हा धडा मी कितीतरी मुलांना सांगितला आहे.

आता आपल्या पुष्कळ घरांतली मुले अमेरिकेत शिकतात. तेथे बदल करणे ही चोरून करण्याची गोष्ट नाही. दोन वर्षे स्वस्तातल्या कम्युनिटी कॉलेजात आणि पुढची दोन मोठ्या विद्यापीठात, अशी वहिवाटच आहे. बराक ओबामा दोन वर्षे एका लहान कॉलेजात शिकून १९८१ साली कोलंबियाला गेले. वॉरन बफे यांनी उलट केले. पेनसिल्व्हेनियाचे नामवंत विद्यापीठ सोडून ते आपल्या नेब्रास्का राज्यातल्या विद्यापीठात परतले आणि तेथूनच १९५० साली पदवी घेतली. एक लहानातून मोठ्यात गेला, दुसरा मोठ्यातून घराकडे आला. अडले दोघांचेही नाही. मात्र आपल्या मुलांनी एक गोष्ट विसरू नये. ती व्हिसावर तेथे असतात. सरकारी दप्तरातली त्यांची नोंद जुन्या विद्यापीठाने नव्याकडे पाठवल्यावाचून पाऊल उचलणे धोक्याचे असते. तेथल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात आधी जावे, मग सामान बांधावे.

फेब्रुवारीतला कागद

भाचीचे पुढे काय झाले, हे वाचकांना सांगितले पाहिजे.

सुट्टी संपल्यावर ती परत गेली. मेहुणे माझ्यावर थोडे नाराजच होते. "तुम्ही तिला नादी लावू नका, दादा," असे त्यांनी मला जिन्यात गाठून सांगितले. मी म्हटले, "मी तिला जा म्हणालो नाही, राहा म्हणालो नाही. फक्त मोजायला सांगितलं आहे."

फेब्रुवारीत तिचा फोन आला. यादी समोर घेऊन बसली होती. मेसच्या जेवणाची सवय झाली होती. खोलीतल्या दोघी आता मैत्रिणी झाल्या होत्या आणि रात्री दोनपर्यंत दिवा जाळणाऱ्यांत ही तिसरी सामील झाली होती. इंग्रजीत तिने एका चर्चेत भाग घेतला होता. घरची आठवण रविवारपुरती उरली होती. प्राध्यापकांतले दोघे चांगले आहेत असा शोध लागला होता. पाच कारणांवर काट बसली.

"मग?" मी विचारले.

"सहावं तसंच आहे, मामा. भूशास्त्र. मी ग्रंथालयातून पुस्तकं आणून वाचते आहे. सुट्टीत घाटातून जाताना कडा दिसला की बस थांबवावीशी वाटते."

आता मात्र मला शंका उरली नाही. कंटाळलेला माणूस जे आहे ते सोडू पाहतो. हिला कोठे जायचे ते दिसत होते. मी मेहुण्यांना स्वतः फोन केला, आणि त्या दिवशी माझ्या मुलाची सगळी हकिकत त्यांना सांगितली. इतकी वर्षे नात्यातल्या कुणाला ती पुरी सांगितली नव्हती. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "काय कागद लागतात ते लिहून पाठवा."

मार्चमध्ये दोन विद्यापीठांत चौकशी झाली. अभ्यासक्रमाच्या प्रती शिक्क्यानिशी तयार झाल्या. निकाल लागला तो सगळे विषय सुटूनच. नव्या कॉलेजात भूशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला एक जागा रिकामी होती. आधी लेखी होकार आला आणि मग टी.सी. निघाली. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि भाषा यांचे श्रेयांक धरले गेले. पहिल्या वर्षाचे भूशास्त्राचे दोन पेपर तेवढे जादा द्यावे लागणार आहेत. त्यांतला एक तिने परवाच दिला.

आणि गंमत अशी की, याच काळात आमच्या शेजारच्या वकीलसाहेबांच्या मुलानेही अशीच यादी केली होती. त्याच्या आठही कारणांवर काट बसली. तो तेथेच राहिला आहे आणि खुशीत आहे. यादी दोघांनी एकाच रीतीने केली, उत्तरे मात्र निराळी आली. दोन्ही बरोबर आली, असेच मी म्हणेन.

यंदाच्या दिवाळीत आपल्या घरी असे एखादे लेकरू सुट्टीवर आले असेल. ते फराळ कमी करील, मोबाईलमध्ये डोके घालून बसेल, विचारले तर 'काही नाही' म्हणेल. मग एखाद्या संध्याकाळी, पाहुण्यांच्या गर्दीतच, अगदी अवेळी ते म्हणेल, "मला जरा बोलायचं होतं." मुलांना वेळ साधता येत नाही. ती आपण साधायची असते. लगेच होकार देण्याची गरज नाही, नकार देण्याचीही नाही. कागद आणि पेन्सिल तेवढी हाताशी ठेवा.

भाऊबिजेला यंदाही बहिणीकडे जायचे आहे. भाचीने म्हणे माझ्यासाठी कोठूनसा एक दगड आणून ठेवला आहे. त्याच्या पोटात स्फटिक आहेत. मुलगाही बरोबर येणार आहे. त्याला मी परवा सहज म्हटले, "त्या वर्षी तू बोलायला आला होतास, तेव्हा मी ऐकायला हवं होतं." तो वह्या तपासत होता. मान वर न करता म्हणाला, "ऐकलंत की बाबा. जरा उशिरा ऐकलंत, एवढंच."